खानदेशातील स्थलप्रेम

मनुष्य ज्या अनेक बंधनांनी जगाशी बांधला गेला आहे, त्यांत रक्ताचे नाते, भाषेचे नाते आणि अन्नाचे नाते यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु स्थलाचे नाते मात्र बहुधा गृहीत धरले जाते. ज्या ओसरीवर आपण पहिले पाऊल टाकले, ज्या विहिरीचे पाणी प्यालो, ज्या बांधावरच्या सावलीत दुपारची न्याहरी सोडली, त्या जागा आपल्या मनात केव्हा घर करून बसल्या हे आपले आपल्यालाच कळत नाही. त्या सुटतात तेव्हाच त्यांची किंमत कळते. ज्ञातीच्या या स्मरणिकेत दरवर्षी आपण कर्त्या पुरुषांची, दात्यांची व गुणवंत विद्यार्थ्यांची नावे अभिमानाने वाचतो. यंदा या पुरुषांना व स्त्रियांना घडविणाऱ्या स्थलांचाही थोडा विचार करावा, व त्याकरिता आपल्या खानदेशाच्या इतिहासातील काही उदाहरणे वाचकांपुढे ठेवावीत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम ‘खानदेश’ या नावाचाच विचार करू. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याचे डोंगर, आणि मधून पश्चिमेकडे वाहत जाणारी तापी. तिला येऊन मिळणाऱ्या पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, अनेर या नद्या. काळी कसदार जमीन, कापूस, ज्वारी, केळी, आणि वैशाखातले अंग भाजून काढणारे ऊन, असा हा प्रदेश. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात तापीकाठच्या थाळनेरास फारुकी घराण्याने आपले राज्य मांडले. पुढे बऱ्हाणपूर त्यांची राजधानी झाली. १६०१ मध्ये अकबराने अशीरगड घेतला व ते राज्य मोगलाईत गेले. मराठी अंमलानंतर १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे आला व धुळे हे जिल्ह्याचे ठाणे झाले. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पडले. पुढे त्या दोन भागांनाही जळगाव व धुळे ही नावे मिळाली, आणि १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. म्हणजे आज सरकारी दप्तरात ‘खानदेश’ नावाचा जिल्हा उरलेला नाही. तरीही मुंबईस, पुण्यास किंवा सुरतेस भेटलेला आपला मनुष्य ‘कोठले?’ या प्रश्नाला ‘खानदेशचे’ असेच उत्तर देतो. राज्ये गेली, ठाणी बदलली, जिल्हे विभागले गेले, तरी नाव टिकले. ते टिकविणारा कोणताही कायदा नाही. लोकांच्या मनातील लळ्यानेच ते जिवंत ठेवले आहे.

आता हा लळा कशाने उत्पन्न होतो? केवळ जन्माने होतो असे म्हणणे पुरेसे नाही. ज्या जागेसाठी मनुष्य राबतो, ती जागा त्याची होते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे पांझरेच्या व तिच्या शेजारच्या नद्यांच्या काठची जुनी फड पद्धत. नदीवर दगडी बंधारा घालावयाचा, त्यातून पाट काढावयाचा, आणि पाटाखालची सारी जमीन मोठमोठ्या फडांत वाटून एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, अशी ही रचना होती. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे, त्यामुळे पाणी कमी पडले तर त्याची झळ एकट्यादुकट्याला न लागता सर्वांना सारखी लागे. पाणी सोडण्यास पाटकरी, देखरेखीस हवालदार, राखणीस जागल्या, आणि पाटातील गाळ काढण्यास घरटी माणूस, अशी गावकऱ्यांनीच लावलेली व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ज्याने दरसाल आपल्या हातांनी पाटाचा गाळ उपसला आहे, त्याला त्या पाटाविषयी जे वाटते, ते नकाशात पाट पाहणाऱ्याला वाटणे शक्य नाही. स्थलप्रेमाची पहिली पायरी ही अशी श्रमाची आहे.

दुसरी पायरी विरहाची, आणि ती आपल्याकडे मुख्यतः स्त्रियांनी अनुभवली. पुरुषाला एक गाव असते. स्त्रीला दोन असतात, आणि त्या दोहोंमध्ये तिचे मन आयुष्यभर येरझाऱ्या घालीत असते. खानदेशात आखाजीचा सण एवढा मोठा का, याचे उत्तर यात आहे. अन्यत्र अक्षय्य तृतीया हा एक मुहूर्त आहे. आपल्याकडे मात्र ती लेकीच्या माहेरी येण्याची, गौराई मांडण्याची व झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसून गाणी म्हणण्याची वेळ आहे. वर्षभर सासरच्या कामात बुडालेल्या मुलीला चार दिवस आपले जुने अंगण परत मिळावे, अशी ही समाजाने केलेली सोयच म्हणावी लागेल.

या भावनेला अक्षय वाणी दिली ती बहिणाबाई चौधरी यांनी. जळगावानजीकच्या आसोदे गावी १८८० मध्ये महाजनांच्या घरी त्यांचा जन्म झाला, बालपणीच जळगावच्या चौधरींच्या घरी त्या नांदावयास आल्या, आणि ऐन तिशीत त्यांना वैधव्य आले. त्यांना अक्षरओळख नव्हती. जाते ओढताना, शेतात राबताना, घरचा रहाटगाडा चालविताना त्या आपल्या बोलीत ओव्या रचीत गेल्या. आसोदे व जळगाव यांतील अंतर ते किती! सकाळी निघालेली बैलगाडी ऊन तापण्यापूर्वी पोहोचावी, एवढेच. परंतु सासुरवाशिणीच्या मनाने मोजले तर ते अंतर एका जन्माचे होते. म्हणून माहेरची वाट, तेथील माणसे, शेत, नांगर, सुगरणीचा खोपा यांना त्यांच्या काव्यात सजीव नातलगांचे स्थान मिळाले. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या निवर्तल्या. त्यानंतर त्यांचे पुत्र कवी सोपानदेव चौधरी यांनी उतरून ठेवलेली ही कविता आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडली व १९५२ मध्ये ती अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. ज्या स्त्रीने शाळेची पायरी चढली नाही, तिचे नाव विद्यापीठाला मिळावे, यात गौरव तिचा तर आहेच. पण जिच्यातून तिची भाषा उगवली त्या मातीचाही आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सोपानदेव व त्यांच्या घरच्या मंडळींनी त्या ओव्या वेळीच टिपून ठेवल्या नसत्या, तर एवढा ठेवा आईबरोबरच नाहीसा झाला असता. आपल्या घरांतून अशा किती आजी कागदाला न लागताच निघून गेल्या असतील, याची कल्पनाही करवत नाही.

जन्माने मिळालेल्या स्थलाविषयी प्रेम वाटणे स्वाभाविक आहे. परंतु परक्या स्थलाला आपले म्हणण्यास मनाचा निराळाच मोठेपणा लागतो. खानदेशाचे भाग्य असे की, अशी माणसेही त्याला लाभली. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे मूळचे खानदेशचे नव्हेत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ गोळा करण्यासाठी ते महाराष्ट्रभर पायपीट करीत हिंडले. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना करण्यात ते अग्रभागी होते. परंतु आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी धुळे जवळ केले, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यासच त्यांनी देह ठेवला. तेव्हा धुळेकरांनी काय केले? नुसती शोकसभा भरवून ते स्वस्थ बसले नाहीत. नव्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात, जानेवारी १९२७ मध्ये, त्यांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले आणि त्या थोर पुरुषाचा दप्तरसंग्रह जिवापाड जतन केला. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठांतून हस्तलिखिते मिळवून समर्थ वाग्देवता मंदिरात त्यांची जोपासना केली. स्थलावरचे प्रेम कृतीत उतरले म्हणजे त्याची संस्था होते, आणि संस्था झाली म्हणजे ते एका पिढीबरोबर संपत नाही, हा धड्यांतील मोठा धडा धुळ्याने आपणांस दिला आहे.

साने गुरुजींचे उदाहरण याहून हृद्य आहे. कोकणातील पालगड येथे १८९९ मध्ये जन्मलेले पांडुरंग सदाशिव साने १९२४ मध्ये शिक्षक म्हणून अमळनेरास आले, व १९३० मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडीपर्यंत प्रताप हायस्कुलात व तेथील छात्रालयात त्यांनी मुलांवर मायेची पाखर घातली. वर्षे मोजली तर सहाच. पण अमळनेर त्यांना आपले मानते आणि त्यांनीही अमळनेरास व तेथील गिरणीकामगारांस कधी अंतर दिले नाही. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, ती उतरून घेतली साने गुरुजींनीच. ज्या भिंती माणसाला कोंडण्यासाठी उभारलेल्या, त्याच भिंतींआड एवढा ग्रंथ आकारास आला, आणि धुळ्याचा तुरुंगही लोकांच्या आदराचे स्थान होऊन बसला. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात असता गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. गजांआड बसलेल्या त्या पुरुषाच्या डोळ्यांपुढे उभे होते ते कोकणातले लहानसे गाव, तेथील घर व तेथील आई. अमळनेरवर त्यांनी जीव टाकला म्हणून पालगड विस्मरणात गेले नाही, आणि पालगड मनात होते म्हणून अमळनेरास काही कमी पडले नाही. मनुष्याचे मन दोन गावांना पुरेल एवढे मोठे असू शकते, हे ज्यांना उपजीविकेसाठी गाव सोडावे लागले आहे त्यांनी अवश्य स्मरावे.

परक्या देशातून आलेल्यांनाही या भूमीचा लळा लागला आहे. मेजर रॉबर्ट गिल हा मद्रासच्या सैन्यातील अधिकारी १८४४ मध्ये अजिंठ्याची भित्तिचित्रे उतरून काढण्यासाठी आला. वर्षानुवर्षे राबून त्याने काढलेल्या चित्रांपैकी पुष्कळशी १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्मसात झाली. दुसरा कोणी असता तर खचून स्वदेशी परतला असता. गिल मात्र पुन्हा त्या लेण्यांकडेच वळला. पारो नावाची स्थानिक स्त्री त्याची जीवनसोबती होती. १८५६ मध्ये ती वारली व तिची समाधी अजिंठा गावात आहे. गिल स्वतः १८७९ मध्ये मरण पावला व भुसावळास त्याला मूठमाती मिळाली. आगगाडीने भुसावळवरून जाणाऱ्या हजारो प्रवाशांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की, अजिंठ्यासाठी आयुष्य वेचलेला हा परदेशी पुरुष येथेच चिरविश्रांती घेत आहे. चाळीसगावचे केकी मूस यांचेही असेच. मुंबईस जन्मलेले हे पारशी गृहस्थ विलायतेत कलेचे शिक्षण घेऊन परतले आणि चाळीसगावच्या आपल्या बंगल्यात जे राहिले ते जवळजवळ पन्नास वर्षे क्वचितच त्याच्या बाहेर पडले. छायाचित्रणातील त्यांची कीर्ती देशोदेशी पसरली. ते स्वतः मात्र तेथून हलले नाहीत. १९८९ मध्ये त्यांचा अंत झाला, व त्यांची वास्तू आज कलादालन म्हणून ओळखली जाते.

काही स्थलांवरचे प्रेम एका रात्रीच्या वास्तव्यानेही जडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ मध्ये न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले असता लळिंग किल्ल्याजवळच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. त्याची आठवण म्हणून दरवर्षी ३१ जुलै रोजी तेथे लोकांची गर्दी लोटते. बंगला तसा लहानच. परंतु ज्यांना शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांना हे स्थान आपल्या हक्काचे वाटावे यात नवल नाही. येथे आपण सर्वांनीच अंतर्मुख झाले पाहिजे. ‘माझे गाव’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या गावाच्या पाणवठ्यावर व देवळाच्या पायरीवर ज्यांना मज्जाव होता, त्यांचेही ते गाव होते, हे किती जणांच्या ध्यानी असते? साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून प्राण पणास लावले, ते याच जाणिवेने. जे स्थलप्रेम शेजाऱ्याला वगळते, त्याला वतनाचा अभिमान म्हणावे. प्रेम म्हणू नये.

काहींना तर आपले स्थल स्वतःच्या इच्छेविरुद्ध सोडावे लागले. नर्मदेवरील सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील अक्राणी व अक्कलकुवा भागांतील ३३ आदिवासी गावांवर बुडिताचे संकट आले. ती गावे त्या वेळी धुळे जिल्ह्यातच होती. मणिबेलीसारख्या गावातील लोकांनी पाणी अंगणापर्यंत आले तरी जागा सोडण्यास नकार दिला. पुढे कित्येक कुटुंबांना तळोदे तालुक्यात जमिनी देऊन वसविण्यात आले. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळू शकते. पण ज्या डोंगरावर पूर्वजांचे देव आहेत तो डोंगर, ज्या नदीत मासे धरले ती नदी, यांचा मोबदला कोणत्या तक्त्यात बसवावयाचा? धरणाने कोणाच्या शेताला पाणी व कोणाच्या घराला वीज मिळते, आणि कोणाचे गाव त्याखाली जाते. ज्यांना मिळाले त्यांनी, ज्यांचे गेले त्यांचे ऋण मानणे हा साधा माणुसकीचा धर्म आहे.

आता आपल्या स्वतःकडे वळू. आपल्या ज्ञातीतील किती कुटुंबे आज मूळ गावी राहतात? नोकरीसाठी, उद्योगासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी मंडळी जळगाव-धुळ्यास, नाशिक-पुण्यास, मुंबई-सुरतेस व साता समुद्रांपलीकडे गेली. यात दोष देण्यासारखे काही नाही. मनुष्य पोटासाठी पूर्वीही हिंडत होता, व ‘गाव सोडले म्हणजे गाव विसरले’ असेही नव्हे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईचा उत्सव असतो, तेव्हा याचा प्रत्यय येतो. दूरदूरचे भाऊबंद त्या दिवशी मूळ घरी जमतात. घरातील पुरुषांच्या संख्येने गहू मोजून रोट केले जातात, आणि एका कुळाची माणसे एकत्र बसून ते खातात. वर्षभर बंद असलेल्या घराचे कुलूप निघते, ओसरी झाडली जाते, देव्हाऱ्यापुढे दिवा लागतो. परगावी जन्मलेल्या नातवाला आपले गहू या घरात मोजले जातात हे त्या दिवशी कळते. वंशावळीच्या पुस्तकाने हे ज्ञान होत नाही.

परंतु वर्षातला एक दिवस पुरेसा आहे काय? अनेक गावांत जुने माळवदाचे वाडे खचत चालले आहेत. वाटण्या होतात, हिस्सेदार दूर असतात, आणि दुरुस्ती कोणी करावयाची याचा निर्णय होण्यापूर्वीच भिंत पडते. त्याहून मोठी हानी डोळ्यांना न दिसणारी आहे. पूर्वी प्रत्येक शेताला नाव असे. जांभळीचे, बंधाऱ्याखालचे, खळ्याजवळचे, अमक्या आजाने मोट बसविली ते. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर हळूहळू गट क्रमांक आले आणि कागदावर शेत केवळ आकडा होऊन राहिले. व्यवहाराला आकडा हवाच. पण ते नाव ज्यांच्या तोंडी आहे, अशी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. ती गेली म्हणजे जांभूळही जाईल व जांभळीचे नावही जाईल. मागे सातबाऱ्यावरची एक ओळ तेवढी उरेल, आणि आकड्यावर कोणाचाही जीव जडत नाही. जेथे जीव जडलेला नाही, ती जमीन विकण्यास दोन दिवसही लागत नाहीत.

म्हणून स्मरणिकेच्या वाचकांस नम्र सूचना अशी की, प्रत्येक कुटुंबाने एक वही घालावी. तीत आपल्या शेतांची, विहिरींची, पाटांची, झाडांची जुनी नावे, घर कोणी व केव्हा बांधले ती हकीकत, आजी-पणजीच्या ओव्या व म्हणी, आणि त्यांचे माहेर कोणते ते गाव लिहावे. माहेरचे गाव लिहिण्यास विसरू नये. कारण आपल्या वंशावळीत पुरुषांची नावे सात पिढ्यांची सापडतात, पण त्या पिढ्या वाढविणाऱ्या स्त्रिया कोठून आल्या याचा पत्ता लागत नाही. ज्यांच्या माळ्यावर जुनी बाडे, मोडी कागद, खतपत्रे पडून असतील, त्यांनी ती वाळवीच्या हाती न देता धुळ्याच्या राजवाडे मंडळासारख्या संस्थेस दाखवावीत. ज्यांचा वाडा पडीक आहे, त्यांनी भाऊबंदांशी बोलून त्याचा वाचनालयास किंवा मुलींच्या अभ्यासिकेस उपयोग होईल काय ते पाहावे. १९३६ च्या डिसेंबरात फैजपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले, ते खेडेगावात भरलेले पहिलेच अधिवेशन होते. पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या त्या सभेसाठी नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या गावठी साहित्यातून सजावट उभी केली होती. गावातल्या वस्तूंनी व गावातल्या हातांनी केवढे कार्य होऊ शकते, हे त्या वेळी साऱ्या देशाने पाहिले. आपले काम त्या मानाने फारच लहान आहे.

सर्वांनी परत गावी येऊन राहावे, असा आग्रह कोणी धरणार नाही व तो योग्यही होणार नाही. मुलांना नवी गावे लाभतील, ती त्यांना आपली वाटतील, आणि वाटलीच पाहिजेत. गुरुजींना अमळनेर आपले वाटले तसेच. परंतु ज्याला जुन्या जागेची ओळख आहे, तोच नव्या जागेत चांगला रुजतो. तेव्हा येत्या आखाजीला घरी जमाल, तेव्हा वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून वही उघडावी आणि पहिला प्रश्न विचारावा : आपल्या शेताचे नाव काय?